जीपखालची आक्का

आक्का पहिल्यांदा दिसायची ती पायांनीच. मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत शिरलं की उजव्या हाताला लिंबाखाली एक जुनी जीप उभी असायची आणि त्या जीपखालून दोन पाय बाहेर आलेले असायचे. टाचा भेगाळलेल्या, लुगडं घोट्याशी घट्ट खोचलेलं, तळव्यांना तेलाचे काळे डाग. बाकीची आक्का आत, गाडीच्या पोटाखाली. नवखा माणूस दचकायचा. त्याला वाटायचं, कुणीतरी चिरडलं. तेवढ्यात खालून आवाज यायचा, "पोस्टमन का? डावी चप्पल शिवून घ्या, अंगठा तुटायलाय." येणाऱ्याजाणाऱ्याला ती पायांवरून ओळखायची आणि पायांवरूनच त्याचा स्वभावही सांगायची. माझ्याबद्दल तिचं पहिलं मत असं पडलं, "नव्या बाई ना तुमी? सारख्या एका पायावर उभ्या ऱ्हाता. पळून जायचंय का कुठं?"

मला खरंच पळून जायचं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली म्हणून अम्मीला घेऊन मी औरंगाबादच्या शहागंजातून इकडे भाड्याने राहायला आले होते. मुसलमानाची मुलगी मराठी व्याकरण शिकवते, याची गल्लीला भारी गंमत. दुकानात साखर मागितली तरी लोक माझ्याकडे पोपट बोलल्यासारखे बघायचे. आक्काला मात्र त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "शाळेत येळेवर जाता ना? पोरांना वाचाया यायलंय ना? मंग झालं," एवढं बोलून तिने गाडीखालून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "तेवढा वाकडा पाना द्या इकडं." मी दिला. आमची ओळख झाली ती अशी.

आक्का पाचोडकडच्या धनगराची लेक आणि धनगराचीच सून. वय विचारलं की म्हणायची, "निजामावर पोलीस ॲक्शन झाली तवा मी आईच्या पाठीला बांधलेली व्हते. आता हिशेब तुमी करा, मास्तरीण तुमी." तिचा अर्धा जन्म मेंढरांमागे गेला. मग नवऱ्याच्या डोक्यात मोटार शिरली. मिलिटरीने लिलावात काढलेली एक जीप त्याने घेतली, मुकुंदवाडीत बिऱ्हाड केलं आणि पाचोडच्या बाजाराला सवाऱ्या न्यायला लागला. गाडीखाली तो झोपायचा, आक्का बाहेरून पाने द्यायची. आपल्याला ताप भरला तर गाडी घरी कोण आणणार, म्हणून चिकलठाण्याच्या माळावर त्याने तिला चालवायलाही शिकवलं. ताप भरला तो काविळीचा, आणि त्यातून तो उठला नाही. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि आक्का लुगड्याचा काष्टा मारून स्टेअरिंगवर बसली. पुढे रीतसर लायसनही काढलं. साहेबाने म्हणे तीनदा विचारलं, "बाई, नक्की तुम्हालाच पाहिजे का?" तिने सांगितलं, "न्हाई साहेब, म्हशीला पायजे. लिव्हा."

गॅरेजात मात्र तिने गाडी कधी नेली नाही, आणि त्याला कारण होतं. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच ती एका गॅरेजात ब्रेक दाखवायला घेऊन गेली, तर तो मिस्त्री तिच्याशी बोलेचना. "घरातल्या माणसाला पाठवा," एवढंच म्हणत राहिला. आक्का म्हणाली, "मंग मी काय घरातली मांजर हाये?" आणि ब्रेक नसलेली गाडी पहिल्या गियरवर घरी घेऊन आली. तेव्हापासून जे काही करायचं ते लिंबाखाली. भीती नाही का वाटत, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "बाई, माळावर मेंढी अडली तर आमी दवाखाना हुडकत बसतो का? हात घालायचा अन् कोकरू मोकळं करायचं. हे तर लोखंड हाये, वरडत बी न्हाई."

अम्मीला हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. "काय कू जाती तू वहाँ?" ती मला दटावायची. "औरतजात गाडी के नीचे सोती क्या? लोगां क्या बोलेंगे?" लोग जे बोलायचे ते अम्मीच्या कानावर अगदी नेमाने यायचं, कारण दारात बसून ते ऐकण्याचा तिला छंद होता. आक्का नेमकी अम्मीच्याच दारात येऊन पाणी मागायची आणि दोघी आपापल्या भाषेत तासभर बोलत बसायच्या. आक्का गेली की अम्मी म्हणायची, "उस औरत में डर नाम की चीज हैच नै." पुढे पुढे तिच्या या वाक्यात तक्रार कमी आणि अभिमानच जास्त ऐकू यायला लागला.

त्या वर्षी गणपती उठले आणि जीप बोलायला लागली. गियर टाकला की खालून टक् असा आवाज यायचा, जशी कुणी आतून कडी वाजवावी. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखाली असतो. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एकेक तुकडा बसवलेला असतो. गाडी खड्ड्यात वरखाली झाली तर दांडा तिथे मुरडतो, म्हणून मोडत नाही. या तुकड्याला सगळे क्रॉस म्हणतात. आक्काने खाली झोपून दांडा हाताने हलवला, सांध्यातून लाल भुकटी तिच्या तोंडावर पडली. "दोनी क्रॉस गेले," ती म्हणाली. "आसंच चालवलं तर रस्त्यात दांडा सुटून सवाऱ्यांच्या पायात यील." तिने सवाऱ्या बंद केल्या आणि जीप लिंबाखाली उभी राहिली.

याचीच वाट बघत बसलेला एक माणूस होता, तिचा थोरला दीर. माणूस तसा वाईट नव्हता, असं लिहायची पद्धत आहे. मला तो वाईटच वाटला. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर घोंगडी, आणि बोलायचं ते हवेशी. आक्का थोरल्या दिरासमोर पदर डोक्यावर घेऊन दाराच्या आडोशाला उभी राहायची आणि त्याच्याशी थेट बोलायची नाही. तशी रीत होती. तिसऱ्या कुणाला तरी मध्ये घालून दोघं बोलायचे, आणि त्या दिवशी ती तिसरी मी होते.

"गाडी मेली," दीर लिंबाकडे बघून म्हणाला. "मेलेलं जनावर दारात ठिवत न्हाईत. दसऱ्याला पाचोडला गिऱ्हाईक बोलवलंय म्या. बैलं लावून वढून नेऊ. तिनं बी आता गावाकडं यावं. मेंढरं हायेत, भाकर हाये. बाईमाणसानं शहरात एकटं ऱ्हाऊन कुणाचं भलं झालंय?"

आडोशातून आवाज आला, "बाई, त्यांना म्हणावं, दसऱ्याला गाडी मीच पाचोडला घिऊन येते. आपल्या चाकांवर आली तर मपली. वढत आणावी लागली तर त्यांची, अन् मी बी मेंढरामागं येते."

हे मला पुन्हा सांगावं लागलं नाही. सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. दीर हसला, घोंगडी झटकली आणि म्हणाला, "ठरलं."

तो गेल्यावर मी म्हटलं, "आक्का, हे काय बोलून बसलात? याआधी कधी बदललेत का क्रॉस?" आक्का म्हणाली, "ह्यांनी बदलताना बघितलेत. पाने म्याच दिले की." मग म्हणाली, "जायचं म्हणलं तर मेंढरं वाईट न्हाईत, बाई. पर मला तिथं कुणी काय इचारत न्हाई. हितं निदान सवाऱ्या इचारतेत, आक्का, कवा निघायचं?" तिला काय गमवायचं नव्हतं ते मला तेव्हा कळलं. गाडी हे निमित्त होतं. कधी निघायचं ते आपण ठरवावं, एवढाच तिचा हट्ट होता, आणि तो मला आजही अगदी रास्त वाटतो.

नवे क्रॉस आणायला आम्ही दोघी शहरात गेलो. दुकानदाराने सवयीने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, बरोबर कुणी पुरुष आहे का ते. आक्काने पदराच्या गाठीतून नवऱ्याने मागे कधीतरी बदलून ठेवलेला जुना क्रॉस काढला आणि काउंटरवर ठेवला. "मागं कुणी न्हाई. ह्याच्या मापाचे दोन द्या." तिने प्रत्येक क्रॉस हातात घेऊन फिरवून बघितला, एक परत केला, दुसरा मागितला. दुकानदार कंटाळला. आक्का कंटाळली नाही.

खरी झटापट पुढेच होती. क्रॉसच्या चारही टोकांवर लोखंडाची टोपणं असतात, त्यांना कप म्हणतात. हे कप दांड्याच्या टोकाला असलेल्या दोन कानांत ठोकून बसवलेले असतात. जुने काढायचे तर एका बाजूने ठोकायचं आणि दुसऱ्या बाजूने कप बाहेर पडेल अशी खाली पोकळ, भक्कम जागा हवी. गॅरेजात त्यासाठी दाबाचं यंत्र असतं. आमच्याकडे लिंब होता. विटा ठेवून बघितल्या, फुटल्या. पाण्याच्या नळाचा तुकडा ठेवला, तो चेपला. दोन दिवस आम्ही घणाचे घाव घालत होतो आणि कप जागचे हलत नव्हते. आक्काच्या हातांना फोड आले. तिसऱ्या दिवशी अम्मी दारातून उठली, घरात गेली आणि मसाला कुटायचा आपला लोखंडी हावनदस्ता दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. हा हावनदस्ता तिच्या माहेरचा, तिने मलाही कधी हात लावू दिला नव्हता. "ये रखो नीचे," ती म्हणाली. "मेरी अम्मा बोलती थी, इसपे हाथी भी कूट लो."

हावनदस्ता उताणा ठेवला, त्याच्या तोंडावर दांड्याचा कान टेकवला, वर जुन्या नटाचा ठोकळा धरला आणि आक्काने घण घातला. कप सरकला. अम्मी "या अल्ला" म्हणून मागे झाली. पुढच्या घावाला तो हावनदस्त्याच्या पोटात खणकन पडला. गल्लीतली माणसं खिडक्यांतून डोकावली, इतक्या मोठ्याने आम्ही तिघी ओरडलो होतो. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या सालनाच्या रश्श्याला ग्रीसचा वास यायचा. अम्मीने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट पाहुण्यांना ती हकीकत सांगून वर वाढायची.

नवे कप बसवताना मात्र आक्का घण बाजूला ठेवून द्यायची. कपाच्या आत कडेने बारीक लोखंडी सुया उभ्या लावलेल्या असतात, नुसत्या ग्रीसच्या आधाराने. एखादी जरी आडवी पडली तरी कप पूर्ण बसत नाही. आक्का श्वास धरून कप सरकवायची, बोटाने चाचपायची, पुन्हा बाहेर काढायची. "बाई, हितं जोर चालत न्हाई. हितं नव्या नवरीवाणी वागावं लागतं," म्हणायची आणि स्वतःच हसायची. तिचं हसणं गडगडाटी होतं, त्याने सुया पडतील अशी मला भीती वाटायची. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही क्रॉस बसले. मधल्या दातेरी सांध्यातून वेगळे केलेले दांड्याचे दोन भाग पोत्यावर ठेवून ती समाधानाने झोपायला गेली. आता ते दोन भाग एकमेकांत सरकवून गाडीला लावायचे, एवढंच उरलं होतं.

आणि तिथेच घोटाळा झाला. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं धुऊनपुसून पुजतात. विधवा बाईने पूजेचं हळदकुंकू लावायचं नाही, म्हणून दरवर्षी शेजारची गयाबाई आक्काच्या पान्यांची पूजा करायची. त्या सकाळी आक्का बोल्ट आणायला गेली होती. गयाबाईने चार बायका जमवल्या. आक्काची गाडी या वर्षी पणाला लागलेली, तेव्हा पूजाही जोरात व्हायला हवी, असं ठरवून त्यांनी पान्यांबरोबर दांडाही राखेने आणि नारळाच्या शेंडीने असा लख्ख घासला की त्यात तोंड दिसावं. वर हळदकुंकवाची बोटं, झेंडूची फुलं. आक्का परत आली, बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"गया, हितं एक पांढरी रेघ व्हती."

"व्हय गं," गयाबाई कौतुकाने म्हणाली, "लई चिवट डाग. निघता निघंना, पर काढलाच."

ती रेघ आक्काच्या नवऱ्याने रंगाने ओढली होती, दोन्ही भागांवरून एक सरळ. रेघेला रेघ जुळवली की दांडा बरोबर बसतो, हे आक्काने बघून ठेवलं होतं. का, ते तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. नवऱ्याच्या हातची ती रेघ गेली होती, तरी आक्का गयाबाईच्या राखेने भरलेल्या हातांकडे बघून म्हणाली, "लई चांगलं चमकवलंस." पुजलेली हत्यारं त्या दिवशी उचलायची नसतात, तेही तिने पाळलं. दसऱ्याच्या पहाटे तिने अंदाजाने दांडा जोडला. "गोल वस्तू हाये, बाई. कशी बी बसली तरी फिरंलच," ती म्हणाली, आणि मला ते पटलं.

जीप सुरू झाली. टक् नाही, काही नाही. गल्ली टाळ्या वाजवायला लागली. गयाबाई आणि बायका मागे बसल्या, मी पुढे, आणि माझ्या शेजारी बुरख्यात अम्मी. "मेरा हावनदस्ता जिस गाडी कू लगा, वो पहुँचती की नै, मैं देखूँ नक्को क्या?" असं तिचं म्हणणं. चिकलठाण्यापर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. पुढे झाल्ट्यानंतर रस्ता मोकळा झाला, आक्काने वेग दिला आणि सगळी जीप थरथरायला लागली. आधी काचा, मग पत्रा, मग आमचे दात. वेग कमी केला की थांबायचं, वाढवला की पुन्हा. आडूळच्या अलीकडे गाडीखालून असा घरघराट उठला की आक्काने बाभळीखाली गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकदम बैलजोडी आली.

"आता?" गयाबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "आक्का, आमीच घात केला गं."

"रडून बोल्ट ढिले व्हत्यात का? उतरा खाली," आक्का म्हणाली, आणि दसऱ्याच्या धुतल्या लुगड्यानिशी डांबरी रस्त्याच्या कडेला गाडीखाली शिरली. दांडा काढून तिने अम्मीने अंथरलेल्या चादरीवर ठेवला आणि पुढ्यात मांडी घालून बसली. बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्या थांबून बघत होत्या. कुणी म्हणालं, बाई, कुणाला तरी बोलवा. आक्काने मान वर केली नाही. ती एक टोक हाताने मुरडायची, मग दुसरं. बराच वेळ गेल्यावर तिने मला जवळ ओढलं.

"बाई, ह्ये बघा. पुढच्या टोकाचे कान उभे हायेत अन् मागचे आडवे. पुढचा सांधा फिरताना जरा हिसका देतो. त्यो हिसका मागच्यानं आवरायचा आसतो. दोघांचे कान एका रेघंत आसले तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. म्या दोघांना दोन दिशेला त्वांडं करून बसवलंय. मंग थरथर व्हणार न्हाई तर काय?" आणि मग हळूच म्हणाली, "ह्ये त्यांना ठावं व्हतं. म्हणून रेघ व्हती."

तिने मधला सांधा उपसला, दात्यांवर फिरवून दोन्ही टोकांचे कान एका ओळीत आणले आणि पुन्हा सरकवला. पुढच्या वेळी चुकू नये म्हणून नवी रेघ हवी होती. माझ्या पिशवीत खडू होता, पण ग्रीस लागलेल्या लोखंडावर तो उमटेना. आक्काने इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर गयाबाईच्या कुंकवाच्या करंड्यावर गेली. देवीला जायचं म्हणून गयाबाईने तो बरोबर घेतला होता.

"दे इकडं."

गयाबाईने करंडा छातीशी धरला. "आक्का, मी लावते की. तुज्या हातानं कसं..."

"रेघ म्या जुळवली. दे."

गयाबाईने दोन पावलं पुढे येऊन करंडा उघडला आणि स्वतःच्या हातांनी तिच्यापुढे धरला. आक्काने तेलकट बोट कुंकवात बुडवलं आणि दांड्याच्या दोन्ही भागांवरून एक लांब लाल रेघ ओढली. नवरा गेल्यापासून तिच्या बोटाला कुंकू लागलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि ते कशाला लपवू?

पाचोडला पोचायला आम्हाला उशीर झाला, पण पोचलो ते वेगात. एक पत्रा वाजला नाही. दीर पारावर बसला होता, शेजारी गिऱ्हाईक, आणि झाडाला बैलजोडी बांधून तयार. जीप पारासमोर थांबली. आक्का खाली उतरली, आपट्याची पानं घेऊन दिरासमोर गेली, त्याच्या हातात सोनं दिलं आणि वाकून पाया पडली. ते सगळं रीतीप्रमाणे. दिराने तिची बोटं पाहिली.

"बोटाला काय लागलंय?" त्याने नेहमीप्रमाणे हवेला विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आक्का बोलली, थेट त्याच्याकडे बघून. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिने सावरला नाही. "कुंकू. गाडीच्या दांड्याला लावलं. म्याच लावलं."

"इधवा बाईनं कुंकवाला..."

"इधवा मी हाये," आक्का म्हणाली. "गाडी न्हाई."

गिऱ्हाईक उठलं, धोतर झटकलं आणि म्हणालं, "पाटील, गाडी तर चालायली. चालती गाडी बाई कशापाई इकंल?" दिराने आपट्याची पानं मुठीत चुरगाळली. आक्का वळली, स्टेअरिंगवर बसली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "औरंगाबाद, औरंगाबाद! कोण येतंय? मी निघायली!"

त्यानंतर जीप पुष्कळ वर्षं चालली. दीर तिच्या दारात पुन्हा आला नाही आणि त्याने गाडीचं नावही काढलं नाही. माझी बदली फर्दापूरकडे झाली तेव्हा आमचं सामान आक्कानेच पोचवलं. निघताना अम्मीच्या गळ्यात पडून रडली आणि मला म्हणाली, "बाई, तिकडं काय बिघडलं तर आधी हात घाला, मंग माणूस बोलवा." पुढे मी वर्गाच्या खिडक्या बसवल्या, पंप उघडला, जिल्हा परिषदेच्या मोठ्या माणसांच्या तोंडावर नाही म्हणाले. दर वेळी मी आधी हात घातला.

मग एके दिवशी तिचा निरोप आला, गाडी विकायली, या. मी धावत गेले. मला वाटलं, कुणीतरी गळ घातली. तसं काही नव्हतं. गुडघे वाकत नव्हते, गाडीखाली शिरता येत नव्हतं, आणि दुसऱ्याने शिरलेलं तिला बघवत नव्हतं. सिल्लोडकडचं एक जोडपं आलं होतं. नवरा बोलायला लागला, तर आक्काने त्याच्या बायकोला विचारलं, "तुला येती का चालवता? न्हाई? मंग शीक. शिकणार आसलीस तर देते." ती पोरगी हो म्हणाली. दीर तोवर वारला होता; सही करायच्या वेळी त्याचा मुलगा आला आणि म्हणाला, "काकू, आमाला इचाराया पायजे व्हतं." आक्काने सही पूर्ण केली, पेन परत दिला आणि म्हणाली, "इचारलं की. मला इचारलं."

आक्का जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. परवा मुकुंदवाडीत एका लग्नाला गेले होते. पंगतीत कुणीतरी तिची आठवण काढली. "जीपवाली बाई होती ना इथे? बाईमाणूस किती दिवस चालवणार, शेवटी दिराने गाडी विकून टाकली म्हणे." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मी हातातला घास खाली ठेवला आणि उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "दीर तेव्हा या जगातही नव्हता," मी म्हटलं. "गाडी आक्काने विकली. तिला विकायची होती, म्हणून विकली."